कागदाखालचा चेहरा

मी एक जुना पीच आहे. म्हातारी माणसं मला सप्ताळू म्हणतात. पण तुम्ही कुठल्याही नावाने हाक मारलीत तरी मी मागे वळून पाहणार नाही, कारण मला मागची बाजूच नाही. माझ्या फांद्या फक्त डावीकडे, उजवीकडे आणि वर जातात. पाठीशी चुन्याने रंगवलेली उंच पांढरी भिंत आहे. दोन्ही हात पसरून कुणी भिंतीला चिकटून उभं राहावं, तसा मी पंचेचाळीस वर्षं उभा आहे. मित्रांनो, तुम्ही पाच मिनिटं तसं उभं राहून पाहा. समोरचं सगळं फार स्पष्ट दिसू लागतं. नको असलं तरी दिसतं.

माझे पाय बदामाचे आहेत. बदामाच्या कोवळ्या रोपाला चीर देऊन त्यात पीचचा एक डोळा, म्हणजे कोवळा अंकुर, बसवला, वरून पट्टी बांधली, आणि मी झालो. पुढे वाढत गेलो तशी माझी एकेक फांदी भिंतीला बांधत गेले. दोरीने नाही, दोरी काचते. बोटभर रुंदीची कापडाची पट्टी फांदीभोवती घ्यायची, दोन्ही टोकं जुळवायची आणि त्यांतून भिंतीत खिळा ठोकायचा. कापड घरातलंच असे. कुणाचा कोपरावर फाटलेला सदरा, कुणाची विटलेली चादर, बाळाचं आखूड झालेलं झबलं. त्यामुळे या घरात जन्मलेल्या प्रत्येकाचा एक तुकडा माझ्या अंगावर आहे. कापड कितीही धुतलं तरी त्यात माणूस थोडा उरतोच. पट्टी कुणाची हे मला न पाहता कळतं.

माझं फळ तुम्ही बाजारात पाहिलं नसेल. ते आतून रक्तासारखं लाल असतं. बाहेरून मात्र आम्ही सांगू त्या रंगाचं. फळ लिंबाएवढं झालं की त्याला कागदाची पिशवी घालतात. पिशवीत वाढलेल्या फळाला ऊन ठाऊक नसतं, त्याची साल दुधासारखी पांढरी राहते. तोडणीला तीन आठवडे उरले की पिशव्या काढायच्या, आणि लगेच प्रत्येक फळावर एक छोटं कागदी कात्रण अंड्याच्या पांढऱ्या बलकाने चिकटवायचं. पान, पक्षी, चांदणी, एखादं अक्षर. मग ऊन लागतं. सगळं फळ लालबुंद होतं आणि कागदाखालची जागा पांढरी राहते. तोडणीनंतर कागद सोलला की लाल फळावर पांढरा पक्षी. लांबून लोक ही फळं मागवत. हातात घेऊन म्हणत, "खायचं कसं हो हे? सुरी लावायचं धाडस होत नाही!" आणि मग खात.

कात्रणं कापण्याचं काम आत्याबाईंचं. त्या या घरातल्या सर्वांत मोठ्या, कडक आणि नीटनेटक्या. त्यांचा एकच नियम होता. "काय हवं ते लावा, माणूस लावायचा नाही." कुणी कारण विचारलं तर म्हणत, "कारण विचारणाऱ्याने जेवायला यायचं नाही." सगळे हसत आणि विषय तिथेच संपे.

कारण मला माहीत होतं, मित्रांनो. मी तेव्हा पहिल्यांदाच फळं धरली होती.

आत्याबाई पंधरा वर्षांच्या होत्या आणि त्यांचा धाकटा भाऊ आठ वर्षांचा. भाऊ भारी देखणा आणि तितकाच खोडकर. त्यांनी त्याचा चेहरा एका बाजूने कागदात कापला, कपाळ, नाक, ओठ, हनुवटी, आणि ज्या फांदीला त्याच्याच सदऱ्याची पट्टी होती तिच्यावरच्या फळाला लावला. एखादी मोठी बहीण लाडाने करते तसंच. तीन आठवडे फळ लाल होत गेलं आणि मुलगा पांढरा होत गेला. घरच्यांना वाटलं, आजारी आहे. फळ कागदासकट तोडून प्रदर्शनात नेलं. तिथे कागद सोलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पहिला क्रमांक मिळाला, आणि परीक्षकांनी ते फळ कापून चवीने खाल्लं.

तो मुलगा आता पन्नाशीला आला आहे. माझ्यासमोर अंगणापलीकडे एक खिडकी आहे, तिच्यामागे बसून तो वर्षभर कागदी पिशव्या चिकटवतो. लहानथोर सगळे त्याला पिशवीकाका म्हणतात. त्याला ऊन लागत नाही. म्हणजे तो उन्हात जात नाही असं नाही, उन्हात नेलं तरी त्याला ते लागत नाही. हात कोऱ्या कागदासारखे. तो फार बोलत नाही, आणि बोललाच तर शेजारच्या खोलीतून कुणी बोलावं तसं ऐकू येतं. आपल्याला काय झालं, हे त्याला कितीतरी वर्षं कुणी सांगितलं नाही. एवढ्याशा मुलाला काय सांगणार? पुढे तो मोठा झाला, तेव्हा आत्याबाईंना तोंड उघडायचं धैर्य झालं नाही.

आणि दरवर्षी त्या फांदीवर एका फळावर, कागद न लावता, एका आठ वर्षांच्या मुलाचा चेहरा पांढरा उमटतो. कितीतरी वर्षं आत्याबाई पहाटे येऊन ते हिरवं असतानाच तोडत आणि पुरून टाकत. माझा देठ तुटे तेव्हा खिडकीतला माणूस पिशवी अर्धवट ठेवून वर बघे. कशाकडे, ते त्यालाही कळत नसे.

आता भिंगरीची गोष्ट सांगतो.

भिंगरी म्हणजे आत्याबाईंच्या भाच्याची मुलगी. पाच वर्षांची. एका जागी स्थिर राहणं तिला जमत नसे, म्हणून हे नाव. तिच्या आईने तिचं पहिलं झबलं फाडून माझ्या उजवीकडच्या एका कोवळ्या फांदीला बांधलं होतं. त्या पट्टीला अजून दुधाचा वास येई. खरं सांगायचं तर ती माझी लाडकी फांदी होती.

त्या वर्षी भिंगरी शाळेत जाणार होती. पिशव्या काढायच्या दिवशी तिची आई मागच्या उन्हाळ्यातला फ्रॉक तिच्या अंगाला लावून बघत होती. फ्रॉक गुडघ्याच्याही वर गेला होता.

"काय गं हे! काय खातेस तू? एवढीच राहा बघू."

"मी तुझ्याएवढी होणार."

"नको. कडेवर कशी घेऊ मग?"

"मी तुला घेईन," भिंगरी म्हणाली आणि पळाली.

आई हसली खरी, पण फ्रॉक हातात घेऊन बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग तिने मुलीला पकडून आणून माझ्या शेजारी भिंतीसमोर उभं केलं. उतरत्या उन्हात भिंगरीची सावली चुन्यावर काळीभोर पडली होती. आईने सावलीवर कागद धरून पेन्सिल फिरवली.

"हलू नकोस."

"नाकाला खाज येतेय."

"मग नाक वाकडं येईल. हलू नकोस म्हटलं ना!"

"आई, मी नाही हलत, माझं नाक हलतंय."

त्यावरून तिने बोटाच्या पेराएवढा छोटा चेहरा उतरवला आणि ज्या कात्रीने बाळपणी भिंगरीची नखं काढायची, त्याच कात्रीने कापला. बलक लावला. मग आजूबाजूला पाहिलं. आत्याबाई आत होत्या. आईने माझी पानं बाजूला सारली आणि झबल्याच्या पट्टीच्या फांदीवरच्या फळावर तो कागद बसवला. वरून अंगठ्याने हलकेच दाबलं, बाळाच्या टाळूला तेल लावावं तसं. आणि पानं पुन्हा पुढे ओढली.

मला ओरडायचं होतं. पण झाडाला ओरडता आलं असतं, तर एवढी जंगलं तुटली असती का?

पहिले चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी भिंगरी दिवसभर अंगणात खेळून आत गेली, तेव्हा तिचे बाबा गमतीने म्हणाले, "सगळे जण उन्हात करपलो आणि ही बघा, दुधात बुडवून काढल्यासारखी." आठव्या दिवशी भर दुपारी ती अंगणाच्या मध्यावर थांबली आणि तिने विचारलं, "आई, आज ढग आलेत का गं?"

आकाशात एकही ढग नव्हता.

गांधीलमाशा माझ्या फळांवर घिरट्या घालतात आणि मुलांच्या हातावरच्या चिकट रसावरही बसतात. भिंगरीच्या हातावर त्या बसेनाशा झाल्या. कोंबडी तिच्या पायातून अशी गेली, जणू तिथे पाय नव्हतेच. तिची हाक आधी गल्लीच्या टोकाला जायची, ती आता विहिरीपर्यंतही पोचेना.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी डोळ्यांच्या कडा पाहिल्या, बोटं दाबून पाहिली, रक्त तपासायला पाठवलं. रक्त चांगलं निघालं. "लाल आहे, भरपूर आहे. पण वर का येत नाही, ते काही मला सांगता येत नाही. थोडं उन्हापासून जपा," त्या म्हणाल्या.

आईने जपलं. आधी टोपी घातली, मग लांब बाह्यांचा सदरा घातला, मग अंगणात जायचंच बंद केलं. मित्रांनो, मी तेव्हा किती तळमळलो! एक कागद लावला होता, आता त्यावर दुसरा, तिसरा. झाकणाऱ्या हातांत माया होती, तेच तर अवघड होतं.

घरात कोंडलेली भिंगरी पिशवीकाकांच्या खोलीत जाऊन बसू लागली. खिडकीत एकाऐवजी आता दोन पांढरे चेहरे दिसत. एक मोठा, एक लहान, आणि दोघांचेही हात त्याच तालावर कागद दुमडत.

"काका, तुम्हालापण सगळं पिशवीतून दिसतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तुझ्याहून थोडा मोठा होतो."

"मग काय होतं?"

काकांनी कडेला डिंक लावला, पिशवी दाबली, बाजूला ठेवली. "सवय होते," ते म्हणाले.

दारात भिंगरीची आई दुधाचा पेला घेऊन उभी होती. तिने दोघांकडे पाहिलं, आणि पेला तिथेच जमिनीवर ठेवून, काकांना लहानपणी काय झालं होतं ते विचारायला ती आत्याबाईंकडे गेली. पण तोंड तिच्याआधी आत्याबाईंनीच उघडलं. कात्रणं त्यांनी हाताच्या सवयीने कापली होती, पण डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यामुळे त्या वर्षी पिशव्या काढल्यावरची फळं त्यांनी पाहिलीच नव्हती.

"सूनबाई, खरं सांग. फळाला काही भलतंसलतं लावलं नाहीस ना?"

"नाही हो आत्या. तुम्ही दिलेली पानं-पक्षी, तेवढंच."

ती का खोटं बोलली? बोलणी बसतील म्हणून, आणि फळाचा नि मुलीच्या पांढरेपणाचा संबंध तिला अजून कळला नव्हता म्हणून. मोठी माणसंही तुमच्यासारखीच खोटं बोलतात, मुलांनो, तेवढ्याच छोट्या कारणासाठी. आत्याबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. "मग हरकत नाही," त्या म्हणाल्या, पण पुन्हा दोनदा त्यांनी भिंतीच्या दिशेला आपले धुरकट डोळे फिरवले.

विसावा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी तोडणी होती. शिड्या येऊन टेकल्या, टोपल्यांत गवत अंथरलं. कागदासकट ते फळ देठापासून सुटलं की सगळं संपलं, खिडकीत कायमचे दोन चेहरे. माझ्याकडे एक दिवस होता. हात खिळ्यांनी बांधलेले, आवाज नाही. झाडाला एवढंच येतं, धरून ठेवणं आणि सोडून देणं.

मी सोडून द्यायला सुरुवात केली.

दुपारची वेळ होती, वारा अजिबात नव्हता. पहिलं फळ पडलं. ठप्प. मग दुसरं. मग डावीकडच्या फांदीवरची सगळी. भिंगरीचे बाबा जेवता जेवता उष्ट्या हाताने बाहेर धावत आले. "अहो, हे काय! थांब, थांब!" ते मला म्हणत होते, खरंच मलाच. त्यांनी सदरा पसरून झेलायचा प्रयत्न केला, पण दोन हातांनी किती झेलणार? पक्षी पडले, चांदण्या पडल्या, अक्षरं पडली. प्रत्येक फळ खाली फुटून लाल होत होतं. माझ्या पायाशी असं दिसत होतं की काय सांगू, ते वर्णन मी करत नाही, तुम्हाला रात्री झोप लागणार नाही. वर्षभराची मेहनत होती ती, माझीसुद्धा.

शेवटी आवाज थांबला. माझ्या साऱ्या अंगावर एकच फळ उरलं. मी पानंही सोडली होती, त्यामुळे ते लपलं नाही. उजवीकडे, झबल्याच्या पट्टीशेजारी, लालभडक, आणि त्यावर बोटाच्या पेराएवढा एक कागदी चेहरा. नाक किंचित वाकडं.

"कोणतं राहिलंय?" आत्याबाई दारातून ओरडल्या. "काय लावलंय त्याला? सांगा ना कुणीतरी!"

आई हळूच म्हणाली, "माझी भिंगरी आहे, आत्या."

आत्याबाई दाराची चौकट धरून खाली बसल्या. तेवढ्यात आईने शिडी ओढली, चढली आणि फळाला हात घातला, एका झटक्यात तोडून फेकून द्यायला.

"तोडू नकोस!" असा आवाज मी आत्याबाईंचा कधी ऐकला नव्हता. "तोडलंस तर ती तशीच राहील! माझ्या भावासारखी! मी तोडलं होतं गं, मीच तोडलं होतं!"

खिडकीत पिशव्यांवरचे हात थांबले.

आईने ओढायचं थांबवलं, पण हात फळावरून काढला नाही. मी देठ घट्ट धरला. तिने बोट तोंडात घालून ओलं केलं आणि कागदाची कड भिजवू लागली. बाळाच्या गालावर सुकलेला भात काढावा, तितक्या हळू. कागद सुटला. खाली दुधासारखा पांढरा, छोटासा चेहरा, डोळा नसलेला. तरी आईला वाटलं, तो आपल्याकडे बघतोय.

"आता?" तिने विचारलं.

"आता ऊन," आत्याबाई म्हणाल्या. "फळालाही आणि पोरीलाही. मला एवढंच सुचतंय."

आईने भिंगरीची टोपी काढली, लांब बाह्यांचा सदरा काढला, बिनबाह्यांचा मागच्या वर्षीचा आखूड फ्रॉक घातला आणि तिला मांडीवर घेऊन माझ्यासमोर स्टुलावर बसली. सकाळी आणि उतरत्या दुपारी, असे नऊ दिवस. पिकलेलं फळ देठाला दोन दिवससुद्धा राहत नाही, मित्रांनो. मी नऊ दिवस धरलं. बदामाच्या मुळांतून जेवढं पाणी चढवता आलं तेवढं त्या एका देठाला दिलं. माझ्या शेंड्याकडच्या दोन फांद्या तेव्हा वाळल्या, त्या पुन्हा कधी फुटल्या नाहीत. आधी कपाळावर गुलाबी झाक आली, मग हनुवटीवर. मांडीवरची मुलगी त्याच क्रमाने उमलत होती.

नवव्या दिवशी भिंगरी चुळबुळ करू लागली.

"आई, सोड ना."

"का गं, काय झालं?"

"ऊन चावतंय!"

आईने तिला इतकं घट्ट आवळलं की ती किंचाळली, आणि ती किंचाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. तेव्हा मी देठ सोडला. फळ पूर्ण लाल झालं होतं. नाकाचा शेंडा तेवढा पांढरा राहिला. भिंगरीच्या नाकाचा शेंडा अजूनही उन्हाळ्यात लाल होत नाही, शाळेत मुलं तिला चिडवतात. तिला त्याचं काही नाही.

पुढे मला वाईट दिवस आले. "झाडाला रोग आहे, मुळापासून काढू," असं भिंगरीचे बाबा दोनदा म्हणाले. कुऱ्हाडही आणली. आईने ती सरपणाच्या ढिगामागे नेऊन टाकली आणि एवढंच म्हणाली, "याच्या अंगावर आपण सगळे आहोत." मला ते पुरलं.

त्या पावसाळ्यानंतर आत्याबाईंनी भावासमोर बसून सगळं सांगितलं. खिडकी बंद होती, म्हणून काय बोलणं झालं ते मी सांगू शकत नाही. पण दुसऱ्या वर्षी त्या जुन्या फांदीवर पुन्हा तो आठ वर्षांचा चेहरा उमटला, आणि पहाटे आत्याबाई सवयीने हात पुढे करून आल्या, तेव्हा भिंगरीची आई माझ्यासमोर उभी होती.

"राहू द्या, आत्या."

"इतक्या वर्षांनी काय होणार गं?"

"काही नाही झालं तर नाही. पण ऊन लागू द्या."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात पिशवीकाका बाह्या दुमडून त्या स्टुलावर येऊन बसतात. शेजारी भिंगरी अभ्यास करत असते आणि मधूनमधून विचारते, "चावतंय का?" ते मान हलवतात, नाही. मी फळ धरून ठेवतो. पहिल्या वर्षी फळावरच्या चेहऱ्याच्या आणि काकांच्याही कानाची कड गुलाबी झाली. पुढच्या वर्षी नवा चेहरा उमटला, तो कान आधीच लाल असलेला.

मुलांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणी तुम्हाला मायेने फार झाकून ठेवलं, तर रागावू नका, पण सांगा, की आता ऊन हवं. आणि जुन्या भिंतीवर एखादं वाकडंतिकडं झाड दिसलं, त्याच्या अंगावर विटलेल्या चिंध्या दिसल्या, तर त्या ओढून काढू नका. तिथे कुणीतरी बांधलेलं असतं. आणि मला तोडायला कुणी आलंच, तर त्याला म्हणा, अजून थोडं थांबा, एक फळ व्हायचंय.

कारण काल दुपारी पिशवीकाका स्टुलावर बसले होते. ऊन थेट तोंडावर होतं. भिंगरीने नेहमीसारखं विचारलं. या वेळी त्यांनी मान हलवली नाही. फक्त त्यांचा उजवा हात हळूहळू वर गेला आणि त्यांनी तो डोळ्यांवर आडवा धरला.